खर्चाच्या रकान्यात

द्राक्षांचा सीझन ऐन भरात असताना तासगावला आत्याकडे गेले होते, आणि त्याच दुपारी तिच्याकडे सरकारी सर्व्हेवाला मुलगा आला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, उन्हानं चेहरा लालबुंद झालेला. आत्याने आधी त्याला माठातलं पाणी दिलं, मग गूळ-शेंगदाणे, आणि मगच "विच्चार बाळ काय विचारायचंय ते" म्हणाली. देशभरातल्या घरांचा खर्च मोजणारा तो मोठा सर्व्हे, २०२३ च्या ऑगस्टपासून २०२४ च्या जुलैपर्यंत चाललेला, त्यात तिचं घर लागलं होतं. तो एकेक विचारत होता आणि ती पदराने घाम पुसत सांगत होती, लाईट बिल किती, गॅस किती दिवस जातो, रिचार्ज कितीचा मारता, पेपर घेता का, अंगाचा साबण, कपड्याचा साबण, उदबत्ती, काडेपेटी. मग त्याने विचारलं, गेल्या वर्षभरात घरातलं कुणी दवाखान्यात ॲडमिट होतं का. आत्या म्हणाली, हो, यांची बायपास झाली मिरजेला. खर्च किती आला काकू? ती जराही न अडखळता म्हणाली, सगळं मिळून सव्वादोन लाख. मुलाने आकडा टाकला, दोनदा वाचून दाखवला आणि पुढच्या प्रश्नावर गेला. तो मुलगा फार नीट वागला, खरंच, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ते सव्वादोन लाख कुठून आले होते ते मला माहीत होतं. आत्याच्या लग्नातल्या पाटल्या मोडल्या होत्या, आणि त्याही पुरल्या नाहीत म्हणून माझ्या बाबांनी उरलेले घातले होते. टॅबमध्ये मात्र फक्त खर्च गेला.

हे डोक्यात नुसतं राहून गेलं असतं, पण त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी त्या सर्व्हेचे आकडे आले. शहरात माणशी महिना खर्च ६,९९६ रुपये, खेड्यात ४,१२२. आदल्या वर्षी तेच ६,४५९ आणि ३,७७३ होते. टीव्हीवर चर्चा चालू होती, लोकांचा खर्च वाढतोय म्हणजे हातात पैसा खेळतोय, मागणी आहे, देश पुढे चाललाय. मी भाजी निवडत बसले होते आणि एकदम लक्षात आलं की त्या वाढलेल्या सरासरीत कुठेतरी, अगदी कणभर का होईना, माझ्या आत्याच्या पाटल्या आहेत.

त्यानंतर ही बातमी मला कधी साध्या डोळ्यांनी वाचता आलेली नाही.

आता मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते, त्यामुळे घरखर्चाच्या आकड्याचं महत्त्व मला कुणी समजावून सांगायला नको. आपल्या जीडीपीचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग म्हणजे घराघरांतला खर्च. कारखाने, निर्यात, सरकारी रस्ते हे सगळं बाकीच्या चाळीसात. म्हणजे आपण ज्याला अर्थव्यवस्था अर्थव्यवस्था म्हणतो ती निम्म्याहून जास्त दूध, डाळ, भाडं, फी, गोळ्या-औषधं, एसटीचं तिकीट आणि लग्नातला आहेर यांचीच बनलेली आहे. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई असते, हे तर बाजारपेठेच्या गावात लहानपणापासून दिसतं. २०२० च्या मार्चमध्ये तासगाव भागात द्राक्षं वेलीवर तयार होती आणि सगळं बंद झालं. व्यापारी फिरकेनात, गाड्या मिळेनात, माणसं घराबाहेर पडेनात मग द्राक्ष घेणार कोण. ज्यांना जमलं त्यांनी शेडवर टाकून बेदाणा केला, ज्यांना नाही जमलं त्यांनी तोडून बांधावर टाकली, तो आंबूस वास आठवला की आजही मला कसंतरी होतं. त्या एप्रिल-मे-जूनच्या तिमाहीत देशाचा जीडीपी आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी खाली आला आणि घरांचा खर्च त्याहून जास्त, २६-२७ टक्क्यांनी पडला असं सरकारी आकड्यांत आलं. तेव्हा कुणाला अर्थशास्त्र शिकवावं लागलं नाही. लोक खर्च करत नाहीत म्हणजे काय होतं ते द्राक्षवाल्याने पाहिलं, रिक्षावाल्याने पाहिलं, मंडपवाल्याने पाहिलं, ब्युटी पार्लरवाल्या ताईने पाहिलं. म्हणून खर्च वाढणं ही चांगली बातमी असते, हे मी मनापासून मानते, आणि हेच मानत असल्यामुळे आत्याच्या आकड्याचं काय करायचं हा प्रश्न सुटत नाही.

आमच्या घरी आई हिशेबाची वही ठेवायची. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे मिळते तसली. महिन्याच्या सुरुवातीला वाणसामानाची यादी व्हायची, ती बाबा लिहायचे आणि आई स्वयंपाकघरातून डबे वाजवत वाजवत ओरडून सांगायची, तूरडाळ दोन किलो, साखर चार, शेंगदाणे दीड, मग जरा थांबून, "शेंगदाणे एकच लिहा." त्या थांबण्यात सगळा महिना असायचा. मे महिन्यात वर्षाचं धान्य भरायचं, अंगणात गहू वाळत पडायचा, ज्वारी पाखडून व्हायची, एरंडेल चोळून कोठीत जायचं, आणि त्या महिन्यात वहीत एवढा मोठा आकडा यायचा की पुढचे दोन महिने कपडा-लत्ता काही नाही. सर्व्हेवाले आता धान्याच्या बाबतीत आणलं किती असं नाही विचारत, गेल्या तीस दिवसांत खाल्लं किती ते विचारतात, भाजी-फळं-अंडी-तेल असल्या गोष्टींचं सात दिवसांचं विचारतात, आणि फी, कपडे, दवाखान्यातलं ॲडमिट होणं असल्या गोष्टींचं वर्षाचं. हे मला त्या मुलाकडूनच कळलं आणि फार आवडलं. कुणीतरी विचार करून ठेवलंय की माणसाला अंडी सात दिवसांची आठवतात, डाळ महिन्याची आठवते आणि ऑपरेशन वर्षभर आठवतं. खरं तर ऑपरेशन त्याहून किती जास्त दिवस आठवतं.

आणि त्या आकड्यांत आनंद होण्यासारखंही खूप आहे, ते मी नाकारणार नाही. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे हिशेब बघून सांगितलं होतं की घर जितकं गरीब तितका त्याच्या खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. घराची परिस्थिती सुधारली की खाण्यावरचा खर्च वाढतो पण वाटा कमी होतो. आपल्याकडे १९९९-२००० मध्ये खेड्यातल्या घरात १०० रुपयांतले ५९ रुपये खाण्यावर जायचे. २०११-१२ मध्ये ५३ च्या आसपास. २०२२-२३ मध्ये ४६ वर आले. नुसत्या धान्याचं बघितलं तर २०११-१२ मध्ये खेड्यात ते पावणेअकरा टक्के होतं, ते पाच टक्क्यांच्या खाली गेलं. त्याच्या जागी दूध, अंडी, फळं आली, आणि वेफर्स, बिस्किटं, बाहेरचं खाणं, पॅकेटमधलं खाणं तर इतकं आलं की खाण्याच्या खर्चात आता शीतपेयं-चहा-तयार पदार्थ यांचाच वाटा सगळ्यात मोठा आहे. माझी आजी सांगायची, पडसाळीला येणाऱ्या पाहुण्याला चहा द्यायचा म्हणून घरच्यांनी दोन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायला. तिच्याच नातसुनेच्या घरी आता फ्रीजवर केळी काळी पडलेली दिसतात. मला ती काळी पडलेली केळी बघून राग येतो आणि त्याच वेळी बरंही वाटतं.

पुण्यात डेक्कनला बीएमसीसी रोडवरून जाताना अर्थशास्त्राची गोखले इन्स्टिट्यूट लागते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी तिथे १९३० पासून संस्था उभी केली, आणि त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही याच घरखर्चाच्या सर्व्हेच्या आकड्यांवर. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळायला काय लागतं, तर १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. मी त्या रस्त्यावरून सिग्नलला उभी असते तेव्हा बऱ्याचदा हे १५ रुपये आठवतात. कुणाच्या तरी घरी जाऊन, चुलीपाशी बसून, ज्वारी किती, तेल किती, मीठ किती असं विचारत फिरलेली माणसं, मग ते कागद, मग बेरजा, कॅल्क्युलेटर नसलेल्या जमान्यातल्या, आणि शेवटी त्यातून देशाला सांगता आलं की इतकी माणसं अर्धपोटी आहेत. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९५० मध्ये हे नमुना सर्व्हे सुरू केले त्याचा खरा उपयोग हा होता. तो खर्चाचा आकडा तेव्हा बाजाराला मागणी आहे का हे बघायला नव्हता. लोक जेवतात का, हे बघायला होता. आता तोच आकडा आला की पहिल्यांदा शेअर बाजार काय म्हणतो ते विचारतात, हे मला खुपतं.

मधे तर बरीच वर्षं आकडाच नव्हता. २०११-१२ नंतर २०१७-१८ मध्ये सर्व्हे झाला, पण त्याचे निकाल सरकारने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये माहितीचा दर्जा बरोबर नाही म्हणून बाजूला ठेवले. त्याआधी पेपरात आलं होतं की त्यात लोकांचा खर्च कमी झालेला दिसतोय. त्यामुळे खर्चाचा मोठा सर्व्हे हातात आला तो एकदम २०२२-२३ चा, अकरा वर्षांनी. या अकरा वर्षांत नोटबंदी झाली, जीएसटी आला, यूपीआय आलं, कोरोना येऊन गेला. महागाई मोजताना आपण २०११-१२ मधल्या घरांच्या खर्चाची वजनं, म्हणजे कशाला किती वाटा धरायचा ते, वापरत राहिलो, खाण्यापिण्याला जवळजवळ ४६ टक्के. म्हणजे स्मार्टफोन नसलेल्या घराच्या टोपलीने स्मार्टफोन असलेल्या घराची महागाई मोजायची. आईची वही एवढी वर्षं कोरी राहिली असती तर बाबांनी घर कसं चालवलं असतं, असा विचार येतो.

आणि जीडीपीमधला खर्चाचा आकडा या सर्व्हेतून सरळ उचललेला नसतो, तो बराचसा दुसऱ्या वाटेने येतो, देशात माल किती झाला, त्यातला कारखान्यांनी-सरकारने किती घेतला, बाहेर किती गेला, उरला तो घरांनी वापरला असं धरून. त्यात आपण स्वतःच्या घरात राहतो त्याचं मानलेलं भाडंही धरतात. त्यामुळे दोन आकड्यांत कायम मोठी तफावत असते. २०२३-२४ मध्ये घरांचा खर्च किती वाढला याचा अंदाज एकदा तीन टक्के आला, मग चार टक्के, मग नंतर सुधारून साडेपाचच्या वर गेला. आकडे सुधारत जातात यात वावगं काही नाही, सगळीकडे तसंच असतं. पण तीन टक्क्यांवर जी चर्चा झाली आणि साडेपाचवर जी झाली ती ऐकली तर वाटेल दोन वेगळ्या देशांबद्दल बोलतायत. त्या दोन्ही चर्चांच्या वेळी आत्या त्याच मेडिकलमध्ये त्याच गोळ्या घेत होती.

बँकेत बसून मला जे दिसतं ते सांगते. जून जवळ आला की सोनेतारण कर्जाच्या काउंटरवर बायका वाढतात. जून म्हणजे शाळा-कॉलेज. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं असतं, रुमाल सोडताना गाठ सुटत नाही कारण ती घरी घट्ट मारलेली असते, मग दातांनी सोडवतात. सराफ वजन करतो, कसाला लावतो, बोलतो काही नाही. बाई त्याच्या तोंडाकडे बघत असते. मंगळसूत्रातले काळे मणी वजनातून वजा करायचे असतात, ते तो सांगतो तेव्हा ती मान हलवते. पिशवी सील होते, वर सही, आणि पंधरा मिनिटांत पैसे खात्यात. त्याच दिवशी ते फीला जातात आणि फी भरली की तो घरखर्च झाला, उपभोग झाला, देशाच्या मागणीत मिळाला. सोन्याचा भाव गेल्या काही वर्षांत जसा चढत गेला तशी ही कर्जं झपाट्याने वाढली, फक्त आमच्याकडे नाही, देशभर. रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये विनातारण ग्राहक कर्जांवर बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं, कारण मोबाईल, ट्रिप, लग्न सगळंच उधारीवर चाललं होतं आणि त्यांना काळजी वाटली. ते दार जरा आवळलं, तशी माणसं सोन्याकडे वळली. २०२२-२३ मध्ये घरांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी वगैरेंतून नवं कर्ज वजा केलं की उरते ती, जीडीपीच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास आली, कित्येक दशकांतली सगळ्यात कमी. यावर एक मत असं की लोक घरं-गाड्या घेतायत, मालमत्ता बनवतायत, त्यात वाईट काय. ते काही घरांबाबत खरं आहे, मी गृहकर्जाच्या फायली रोज बघते. पण रुमालाच्या गाठी पण बघते ना.

मोडलेलं सोनं तर कुठेच दिसत नाही. त्या सर्व्हेत मुलगा तीन महिन्यांत तीनदा येतो, एका फेरीला खाण्यापिण्याचं, एका फेरीला फी-औषधं-बिलं, एका फेरीला कपडे, भांडी, पंखा-फ्रीज आणि दागिने. दागिने *घेतले* का असं विचारलं, आत्या म्हणाली नाही. विकले का, हा प्रश्न त्या यादीत नव्हता.

आणखी एक गोष्ट जी रकान्यात बसत नाही. काका दवाखान्यातून घरी आले तेव्हापासून आत्या रात्री दोनदा उठायची, त्यांना कुशीवर वळवायची, छातीच्या टाक्यांना ओलावा लागू नये म्हणून अंग पुसून घ्यायची, बिनमिठाची भाजी वेगळी, मऊ भात वेगळा, गोळ्यांच्या वेळा कॅलेंडरवर पेनाने. यासाठी सांगलीहून एखादी आया ठेवली असती तर तिचा पगार घरखर्चात धरला असता, जीडीपीत गेला असता, वाढ दिसली असती. आत्याने स्वतः केलं म्हणून ते शून्य. दिवाळीचंही तसंच, चकलीची भाजणी घरी भाजली तर फक्त डाळी-तांदळाचे पैसे, बचत गटाचं पाकीट आणलं तर त्यातल्या बाईच्या कष्टाचेही पैसे. पाकीट आणणं मला चांगलंच वाटतं, कुणाच्या तरी बाईच्या हातात पैसा पडतो. पण म्हणून आत्याच्या त्या जागरणाची किंमत देशाच्या वहीत काहीच नसावी?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या आधी, लाडकी बहीणचे दोन महिन्यांचे मिळून तीन हजार खात्यांत आले तेव्हा आमच्या शाखेबाहेर बायकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. पासबुकं भरून घ्यायला. काहीजणींच्या पासबुकात त्याआधीची एंट्री दोन वर्षांपूर्वीची. कुणी म्हणाली साडी घेणार, म्हणताना लाजली. कुणी म्हणाली पोराला सॅक. एक म्हणाली, बचत गटाचा हप्ता थकलाय तो आधी, आणि एक म्हणाली डोळे दाखवायचेत, कधीपासून सुईत दोरा जात नाही. दीड हजार महिन्याला सरकारी तिजोरीला परवडतात की नाही यावर मोठी माणसं वाद घालतात, घालू देत. मला त्या दिवशी एवढं दिसलं की स्वतःच्या मर्जीने खर्च करायचे पैसे मिळाले की बाईचा चेहरा वेगळा असतो, आणि जून महिन्यात सोनेतारणच्या काउंटरवर तीच बाई वेगळी असते, आणि आकड्यात दोघींचा खर्च एकाच बेरजेत.

मग मी बेरीज सोडून इतर गोष्टी बघायला लागले. दुचाकी बघते. खेड्यातल्या, छोट्या गावातल्या माणसाची पहिली मोठी खरेदी म्हणजे मोटारसायकल, पाडव्याला नाहीतर दसऱ्याला, हार घालून, नारळ फोडून, पेढे वाटून. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी ११ लाखांवर दुचाकी विकल्या गेल्या होत्या. २०२४-२५ मध्ये तो आकडा १ कोटी ९६ लाख होता, म्हणजे सहा वर्षांनंतरही जुन्या जागेवर पोचलेला नव्हता. याच काळात चारचाकी मात्र विक्रमी विकल्या गेल्या, आणि त्यातही निम्म्याहून जास्त मोठ्या एसयूव्ही टाइपच्या. एकाच देशातले हे दोन शोरूम शेजारी शेजारी असतात. २०१९ मध्ये एका बिस्किट कंपनीच्या प्रमुखांनी म्हटलं होतं की पाच रुपयांचा पुडा घेतानाही गिऱ्हाईक दोनदा विचार करतंय, तेव्हा खूप गाजलं होतं ते. तासगावात आत्याच्या कोपऱ्यावरचा दुकानदार हे कुठलाही सर्व्हे न करता सांगतो. शाम्पूची बाटली थांबून पुड्या सुरू झाल्या की समजायचं, तेल एक लिटरवरून पाव लिटरच्या पिशवीवर आलं की समजायचं, खात्यावर लिहायला मुलाला पाठवायला लागले की समजायचं, कारण मोठ्या माणसाला समोर यायला लाज वाटते. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला, घटस्थापनेलाच, जीएसटी कमी झाला, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं पाच टक्क्यांवर आली, तेव्हा त्याच्याकडे जुन्या किमतीचा माल भरलेला होता आणि गिऱ्हाईक टीव्ही बघून आलेलं. त्याने आठवडाभर समजावलं. पण दिवाळी चांगली गेली म्हणाला, लोक पुडीवरून बाटलीवर आले काही. मला हे ऐकून जितकं बरं वाटलं तितकं कुठल्या टक्केवारीने वाटलं नव्हतं.

सर्व्हेत तळाच्या पाच टक्क्यांचंही दिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. २०२२-२३ मध्ये खेड्यातल्या सगळ्यात गरीब पाच टक्के माणसांचा महिन्याचा माणशी खर्च १,३७३ रुपये होता. शहरातल्या सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४. पहिला आकडा वाचून पोटात तुटतं. दुसरा वाचून मी थबकले, कारण पुण्यात आमच्या सोसायटीत मेंटेनन्स, गाडीचा हप्ता, दोन मुलांच्या शाळा, स्विगी, जिम, वर्षातली एक परदेश ट्रिप धरली तर चार माणसांचं घर महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी हजारांत भागवणारं फार थोडं सापडेल, आणि आमची सोसायटी काही देशातली सगळ्यात श्रीमंत नाही. मग हा आकडा एवढा लहान का? सर्व्हेच्या लोकांची जुनी अडचण आहे, मोठ्या सोसायट्यांत त्यांना आतच घेत नाहीत. गेटवर वॉचमन अडवतो, वरून फोनवर "आत्ता वेळ नाही" येतं, आणि ज्यांच्याकडे खर्चायला सगळ्यात जास्त आहे त्यांची घरं बंद राहतात. आत्याने गूळ-शेंगदाणे देऊन, सव्वादोन लाखांसकट सगळं सांगितलं. तिच्या पुतणीच्या सोसायटीत तोच मुलगा आला तर गेटवर एंट्री मिळणार नाही, ही गोष्ट मला सहन झाली नाही.

मागच्या महिन्यात खरंच आले. सांख्यिकी खात्याचे दोघे, वेगळ्या कुठल्यातरी सर्व्हेसाठी, आणि वॉचमनने गेटवरून परत पाठवलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं, हे लोक कोण, कशासाठी येतात, ओळखपत्र कसं बघायचं, माहिती गोपनीय ठेवायला ते कायद्याने बांधलेले आहेत. दोन-तीन अंगठे आले. बी विंगमधले जोशीकाका म्हणाले, सरकारला माझ्या घरात काय शिजतं ते कशाला हवंय, टॅक्स भरतो ना मी. ग्रुपवर वाद नको म्हणून संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. काकूंनी चहा टाकला. मी त्यांना सगळं सांगितलं, आईची वही, दांडेकर-रथांचे १५ रुपये, काउंटरवरच्या रुमालाच्या गाठी, पाटल्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनीच त्यांच्या आईची गोष्ट काढली, रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून शाळेत जायचे ते, रॉकेल मोजून घ्यायचं, आणि वही तिच्याकडेही होती म्हणाले, निळ्या शाईची. मग म्हणाले सेक्रेटरीला मी बोलतो, येऊ देत त्यांना. पण रविवारी सकाळी सांग यायला, एरवी आम्ही दोघंही घरात नसतो.